रॅन्स शहरातील एका शाळेची हकीकत

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त शाळेच्या पटांगणात झालेले व्याख्यान)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी मुलांच्या शाळेविषयी चार शब्द बोलावे, अशी आज्ञा ज्युबिली मंडळाने आम्हां जुन्या शिक्षकांस केली. आज्ञा शिरसावंद्य आहे. तथापि कागद पुढे घेऊन बसलो तेव्हा आमच्या ध्यानात आले की, आपल्या या शाळेची हकीकत येथे जमलेल्या वडीलमंडळीस आमच्याहून अधिक ठाऊक आहे. कौले कधी चढली, कोणत्या पावसाळ्यात मागली भिंत खचली, कोणत्या मास्तरांची छडी हातावर कशी वाजे, हे ज्याला त्याला पाठ आहे. आणि आम्ही एखादी गोष्ट चुकलो तर तीन बाकांवरून एकदम दुरुस्ती येईल हेही आम्ही जाणतो. म्हणून आम्ही विगार फादरांची परवानगी घेऊन आज एका दुसऱ्याच शाळेची कथा सांगणार आहो. ती शाळा फ्रान्स देशात रॅन्स नावाच्या शहरी, सेंट मॉरिसच्या धर्मग्रामात, १६७९ साली निघाली. तीही मुलांचीच होती, तीही देवळाच्या आश्रयाने चालणारी होती, आणि तिच्यातील मुलेही आपल्या मुलांप्रमाणेच सकाळी घरून येत व संध्याकाळी घरी जात.

आपल्या ज्युबिलीत परक्या शाळेचे गोडवे कशाला, असे कोणी विचारील. कारण उघड सांगतो. आपल्या शाळेतील मराठी वर्ग चालू ठेवावे की बंद करावे, हा प्रश्न या धर्मग्रामात सध्या घरोघरी निघतो. मिस्सा सुटल्यावर निघतो, लग्नाच्या मांडवात निघतो, मयताच्या घरीदेखील निघालेला आम्ही ऐकला आहे. पटावरील नावे वर्षागणिक कमी होत आहेत. सकाळी आपल्या फाटकावरून जी पिवळी बस इंग्रजी शाळेकडे जाते, तिच्यातील निम्मी डोकी आपल्याच आळ्यांतील असतात. आम्ही हे दोष देण्याकरिता बोलत नाही. आज तुमच्यापुढे ‘आम्ही’ म्हणून जे उभे आहो, त्यांतील काहींचे नातू त्याच बसमध्ये बसतात. तेव्हा दोष द्यायचाच झाला तर आरंभ आमच्या उंबऱ्यापासून करावा लागेल.

या वादात पडलो असता रॅन्सची कथा पुन्हा वाचनात आली, आणि आम्हांस मोठे नवल वाटले. मुलाच्या हाती पहिले पुस्तक कोणत्या भाषेचे द्यावे, हा प्रश्न आपणच प्रथम काढला असे आपण समजतो. परंतु तीनशे वर्षांपूर्वी एका साधुपुरुषाला तो एका महागुरुस्वामींपुढे मांडावा लागला होता.

त्या साधुपुरुषाचे नाव संत जॉन बाप्टिस्ट दे ला साल. १९५० साली परमगुरु बारावे पायस यांनी त्यांस सर्व शिक्षकांचे आश्रयदाते म्हणून जाहीर केले. परंतु आरंभी त्यांस शिक्षकांविषयी काडीचेही प्रेम नव्हते, आणि आमच्या मते त्यांच्या चरित्रातील सर्वांत बोधप्रद भाग तोच आहे. ३० एप्रिल १६५१ रोजी रॅन्स येथे त्यांचा जन्म झाला. वडील न्यायाधीश, घर श्रीमंत, नोकरचाकर पुष्कळ. वयाच्या सोळाव्या वर्षीच त्यांस तेथील कॅथिड्रलात कॅननचे पद मिळाले. ते पद मोठ्या मानाचे, आणि त्याला उत्पन्नही चांगले. एकवीस वर्षांचे होण्याच्या सुमारास आईबाप दोघेही वारले, आणि धाकट्या भावंडांचा भार त्यांच्यावर पडला. १६७८ साली त्यांस गुरुदीक्षा मिळाली. असा हा मनुष्य. गोरगरिबांच्या पोरांना धुळाक्षरे शिकविण्याचा विचार त्याच्या स्वप्नातही येण्याचे कारण नव्हते.

१६७९ च्या आरंभी रुआँ शहराहून आद्रियाँ निएल नावाचे एक वयस्क गृहस्थ, बरोबर चौदा वर्षांचा एक मुलगा घेऊन, रॅन्सला आले. ते धर्मगुरू नव्हते. गरीब मुलांच्या शाळा काढीत हिंडणे हेच त्यांचे व्रत होते. मायफेर नावाच्या एका धनिक बाईंनी त्यांस खर्चाचे आश्वासन देऊन पाठविले होते. गरीब मुलींसाठी काम करणाऱ्या सिस्टरांच्या मठाच्या दारात त्यांची व तरुण कॅननची गाठ पडली. ला साल यांनी त्यांस आपल्या घरी उतरवून घेतले, गावातील चार जाणत्या धर्मगुरूंशी मसलत केली, आणि सेंट मॉरिसचे विगार दोरिन्यी यांस ही शाळा आपल्या धर्मग्रामात घेण्यास राजी केले. एप्रिलमध्ये शाळा उघडली. त्याच वर्षी एका विधवा बाईंच्या देणगीतून दुसरी शाळा सेंट जाकच्या धर्मग्रामात निघाली. ला साल यांना वाटले, आपले काम झाले. आता आपण आपल्या पोथ्यांकडे वळावे.

पण काम झाले नव्हते. निएल शाळा काढण्यात तरबेज, परंतु चालविण्यात तितकेच ढिले होते. एक शाळा उभी राहिली की त्यांचे पाय दुसऱ्या गावाकडे वळत. (असे उत्साही गृहस्थ आपल्या ज्युबिली मंडळातही एकदोन आहेत, आणि त्यांच्यावाचून काही सुरू होत नाही, हेही खरे.) मागे राहिलेले मास्तर अर्धशिक्षित होते. त्यांस राहण्याचा ठिकाणा नव्हता, पगार पोटापुरताही नव्हता, आणि वर्गात शिस्त म्हणजे काय हे त्यांस कोणी दाखविले नव्हते. ला साल यांनी प्रथम त्यांच्या भाड्याची तजवीज केली, मग त्यांस आपल्या पंक्तीला जेवू घातले, आणि १६८१ साली त्यांस आपल्या वाड्यातच राहावयास आणले. नातलग खवळले. मास्तर लोकांना न्यायाधीशाच्या घरात जागा देणे हे त्या काळी कुळाला बट्टा लावण्यासारखे होते. धाकट्या भावांपैकी काही घर सोडून गेले. पुढे स्वतः ला साल यांनीच लिहून ठेविले आहे की, आरंभी हे शिक्षक मला माझ्या खासगी नोकराहूनही खालचे वाटत. त्यांच्याबरोबर राहावे लागेल असे आधी कळते तर मी या कामास हातच लाविला नसता. एका संताने हे कबूल केले आहे. आम्हां शिक्षकांस ते वाचताना वाईट वाटत नाही, उलट धीर येतो.

पुढे एक प्रसंग घडला. मास्तर पुढच्या दिवसांची काळजी करीत, तेव्हा ला साल त्यांस देवाच्या कृपेवर भरवसा ठेवण्याचा उपदेश करीत. एके दिवशी मास्तरांनी त्यांस सरळ उत्तर दिले. त्यांच्या बोलण्याचा आशय असा की, आपल्यापाशी कॅननचे उत्पन्न आहे, वडिलार्जित इस्टेट आहे. शाळा बुडाली तरी आपले ताट भरलेलेच राहील, आम्ही मात्र रस्त्यावर येऊ. ला साल निरुत्तर झाले. १६८३ साली त्यांनी कॅननचे पद सोडले, आणि तेही सख्ख्या भावास न देता एका गरीब धर्मगुरूस दिले. १६८४ च्या हिवाळ्यात दुष्काळ पडला, तेव्हा आपली सारी मालमत्ता त्यांनी भाकरीच्या रूपाने गरिबांत वाटून टाकली. त्यानंतर देवाच्या कृपेवर बोलण्याचा अधिकार त्यांस आला, आणि मास्तरांनी पुन्हा तक्रार केली नाही.

शाळा कशी चाले, हे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. ‘ख्रिस्ती शाळा चालविण्याची रीत’ या अर्थाचा एक ग्रंथ त्यांनी आपल्या सोबत्यांशी वर्षानुवर्षे विचारविनिमय करून सिद्ध केला. १७०६ सालची त्याची हस्तलिखित प्रत आज आहे, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १७२० साली तो आव्हिन्यों येथे छापला गेला. त्यात उपदेश थोडा आणि व्यवहार फार आहे. सकाळी मुले आली की वर्गातच न्याहारी होई. घरून आणलेली भाकर मुलांनी नीट बसून खावी, खाता खाता प्रार्थना व धडे कानांवरून जावे, आणि वर्गात एक टोपली फिरे. ज्याच्यापाशी अधिक असेल त्याने तिच्यात तुकडा टाकावा, आणि ज्याने काही आणले नसेल त्यास तो मिळावा. मग वाचन, लेखन, हिशेब, आणि रोज मुलांना ओळीने देवळात नेऊन मिस्सा. दुपारी पुन्हा वर्ग, आणि शेवटी अर्धा तास धर्मशिक्षण. गुरुवारी सुट्टी.

त्या पूर्वी बहुतेक ठिकाणी मास्तर एकेका मुलाला जवळ बोलावून शिकवी, आणि बाकीची पोरे दंगा करीत. येथे मुलांचे त्यांच्या समजुतीप्रमाणे गट केले, एका गटाच्या हाती एकच पुस्तक दिले, एकाने मोठ्याने वाचावे व बाकीच्यांनी बोट ठेवून मनात वाचावे असा नियम केला. मास्तरांनी आरडाओरड करू नये म्हणून त्यांच्या हाती एक लहानसे लाकडी वाद्य दिले होते. त्याचा एक टोला म्हणजे थांब, दोन टोले म्हणजे चूक झाली, पुन्हा वाच. आजही आपल्या वर्गात चाळीस मुले एका फळ्याकडे तोंड करून बसतात आणि ही जगाची सनातन रीत आहे असे आपणांस वाटते. परंतु ती रीत घडविणाऱ्यांत या शाळेचा वाटा फार मोठा आहे.

शिक्षा होती. ती नव्हती असे आम्ही सांगणार नाही. परंतु रागाच्या भरात मारू नये, तोंडावर मारू नये, शिक्षा क्वचित द्यावी, आणि ज्या मुलाला घरी धाक फार आहे त्याला शाळेत मायेने वागवावे, असे नियम त्या ग्रंथात आहेत. ते नियम आमच्या वेळच्या काही मास्तरांनी वाचले असते तर बरे झाले असते.

वाचनाचा क्रम मोठा पाहण्यासारखा होता. आधी अक्षरांचा तक्ता, मग जोडाक्षरांचा, मग लहान पुस्तक, मग मोठे. पुढे ख्रिस्ती शिष्टाचारावर ला साल यांनीच १७०३ साली लिहिलेले पुस्तक. म्हणजे वाचता वाचता मुलाने चारचौघांत कसे बसावे, जेवताना बोटे कशी ठेवावी, हेही शिकावे. आणि सर्वांच्या शेवटी जुनी हस्तलिखिते. पत्रे, पावत्या, करारनामे, खतपत्रे, वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलेले कागद मुलांपुढे ठेवीत, आणि ते वाचून दाखवावयास लावीत. कारण सांगावयास नको. गरिबाला फसविले जाते ते कागदावर. ज्याचा बाप आंगठा करीत आला, त्याच्या मुलाने अंगठ्याच्या वर काय लिहिले आहे ते वाचून दाखवावे, ही ती विद्या होती. आपल्यापैकी ज्यांच्या आज्याने जमिनीच्या कागदावर आंगठा केला होता, त्यांस याचा अर्थ अधिक फोड करून सांगण्याची गरज नाही.

हिशेब म्हणजेही पोथीतला नव्हे, पैशाचा. त्या काळी तिकडे बारा देनिएंचा एक सोल आणि वीस सोलांचा एक लिव्र होई. आमच्यातील जे लोक बारा पैंचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया शिकले, आणि १९५७ साली नवे पैसे आल्यावर ज्यांची पाठांतरे फुकट गेली, ते या मुलांचे दुःख समजू शकतील.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. हे सारे वाचन कोणत्या भाषेत? त्या काळी युरोपात मुलाला अक्षरओळख लॅटिनमधूनच करून देण्याची रीत फार ठिकाणी होती. देवळाची भाषा लॅटिन, वकिलांची व वैद्यांची लॅटिन, विद्यापीठाची लॅटिन. लॅटिन अक्षर जसे लिहावे तसे वाचावे लागते, म्हणून ती सोपी, असेही सांगत. थोर घरची मुले तीच शिकत, मग गरिबाच्या मुलाने का शिकू नये? ला साल यांनी आपल्या शाळांत ही रीत उलटी केली. पहिले पुस्तक फ्रेंच. फ्रेंच उत्तम वाचता आले की मगच लॅटिन स्तोत्रांचे पुस्तक हाती द्यावयाचे. असा विचार करणारे पहिले तेच होते, असे आमचे म्हणणे नाही. फ्रान्सात त्यांच्या अगोदरही दोनचार ठिकाणी तो झाला होता. परंतु गावोगावच्या गरीब शाळांतून तो नेटाने चालविला तो त्यांनी.

शार्त्र येथील महागुरुस्वामी गोदे दे मारे हे ला साल यांचे स्नेही. त्यांनीच ब्रदरांस आपल्या गावी शाळा चालविण्यास बोलाविले होते. तथापि पहिले पुस्तक लॅटिनच असावे, असे त्यांचे मत होते. ला साल यांनी त्यांस विनयाने, पण मुद्देसूद लिहून कळविले. त्यांच्या म्हणण्याचे सार आम्ही आपल्या शब्दांत सांगतो. फ्रेंच ही मुलाची स्वाभाविक भाषा असल्यामुळे ती वाचावयास शिकविणे कमी कष्टाचे आहे, कारण मूल जे वाचते ते त्याला समजते. जो फ्रेंच वाचावयास शिकला त्याला लॅटिन वाचणे जड जात नाही. उलट लॅटिनपासून आरंभ केलेल्याला फ्रेंच आपोआप येत नाही. गरिबाची मुले शाळेत फार दिवस राहत नाहीत. हात कामाला लागण्याजोगे झाले की आईबाप त्यांस काढून नेतात. त्या वेळी जर ती अर्धवट लॅटिनमध्येच अडकली असतील, तर त्यांस लॅटिनही आले नाही आणि फ्रेंचही आले नाही, असे होते. आणि फ्रेंच वाचता आले तर धर्माची पुस्तके ती घरी बसून स्वतःच वाचू शकतील, मास्तर मरो की शाळा बंद पडो. महागुरुस्वामींनी हे म्हणणे मान्य केले.

हे लिहिणारा मनुष्य लॅटिनचा वैरी नव्हता, हे ध्यानात धरावे. ते स्वतः धर्मशास्त्राचे डॉक्टर होते. त्यांचे सारे शिक्षण लॅटिनमध्ये झाले होते, आणि मिस्साही ते लॅटिनमध्येच करीत. लॅटिन वाईट, असे ते कधी बोलले नाहीत. पहिले पाऊल कोठे टाकावे, एवढाच प्रश्न होता.

येथे आम्हांस आपल्या घरची एक गोष्ट आठवते, आणि ती सांगितल्यावाचून राहवत नाही. ज्या १६८४ साली ला साल यांनी आपले धान्य व द्रव्य रॅन्सच्या भुकेल्यांस वाटावयास काढले, त्याच साली जूनच्या २७ तारखेस गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयांनी हुकूम काढिला की, तेथील लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी, आणि धर्मगुरूंनी व शाळामास्तरांनी पोर्तुगीजमध्येच शिकवावे. त्याच गोव्यात १५७९ साली फादर थॉमस स्टीफन्स उतरले होते. रॅन्सच्या शाळेला तेव्हा बरोबर शंभर वर्षे अवकाश होता. या इंग्रज येशूसंघीयाने आपली भाषा बाजूला ठेवून आमची भाषा शिकली, आणि १६१६ साली राचोल येथे आपले मराठी ख्रिस्तपुराण छापविले. देवनागरी खिळे मिळाले नाहीत म्हणून रोमन अक्षरांत छापविले, पण छापविले. एका सरकारी हुकुमाने लोकांची भाषा मेली नाही हे खरे. तथापि ज्या घरांनी पिढ्यान् पिढ्या आपली अक्षरे हातात धरलीच नाहीत, त्या घरांत ख्रिस्तपुराण ऐकू येण्याचेही थांबले. त्याबद्दल आज कोणावर राग धरून उपयोग नाही. आमचे म्हणणे एवढेच की, हुकूम न होताही तीच गोष्ट घडू शकते.

आता कोणी तरुण बाप आम्हांस म्हणेल, आणि परवा एकाने म्हटलेही, की मास्तर, तुमच्या संतांनी फ्रेंच धरली ती पोटापाण्याकरिताच ना? ती भाषा मुलाच्या उपयोगाची म्हणून धरली. मग आज पोटापाण्याची भाषा इंग्रजी आहे. ते आज असते तर त्यांनी इंग्रजीच धरली असती. या प्रश्नाने आम्ही दोन रात्री जागलो, हे कबूल करितो. म्हणणे पोकळ नाही. उपयोग हा ला साल यांचा एक प्रमुख मुद्दा होता खरा. त्यांच्या शाळेतून निघालेला मुलगा कोष्ट्याच्या किंवा दुकानदाराच्या हाताखाली जाई आणि तेथे फ्रेंचच लागे. आमचा मुलगा मुंबईच्या कचेरीत जातो आणि तेथे इंग्रजी लागते. ज्या बापाला कचेरीत इंग्रजी न आल्यामुळे मान खाली घालावी लागली, त्याने मुलाला त्या बसमध्ये बसविले तर त्याला कोणत्या तोंडाने नावे ठेवावी?

तरीपण आम्हांस वाटते की त्या उत्तरात ला साल यांचा अर्धाच मुद्दा आला. दुसरा अर्धा असा की, मुलाला वाचलेले समजले पाहिजे. दुपारी आमच्याकडे शिकवणीला येणारी मुले आम्ही पाहतो. आठ वर्षांचा मुलगा इंग्रजी धडा घडाघडा म्हणतो. शब्दाचा अर्थ विचारला तर गप्प बसतो. त्याच्या आईला तो धडा समजत नाही, म्हणून ती त्याचा अभ्यास घेऊ शकत नाही. घरात इंग्रजी नाही, म्हणून ज्या शाळेचे दार संध्याकाळी मिटते तिच्याशी घराचा संबंधही तेथेच मिटतो. रोज घरी जाणाऱ्या मुलांच्या शाळेचे मर्म आमच्या मते येथे आहे. वसतिगृहातील मुलाला शाळाच घर असते. आपला मुलगा मात्र शाळेतली गोष्ट रोज संध्याकाळी चुलीपाशी नेतो, आणि आजीने ती ऐकून दोन शब्द जास्त घालावे, असा तो व्यवहार आहे. त्या मुलाला मराठीतली जपमाळ म्हणता येते, पण मिस्साच्या पुस्तकातील मराठी वाचता येत नाही. १९६३ साली व्हॅटिकन महासभेने उपासनेत मातृभाषेला दार उघडून दिले, त्यासाठी आपल्या वडिलांनी केवढा आनंद केला होता! आणि आज देवळात पहिले वाचन करावयास मुलगा शोधावा लागतो.

शिवाय आपल्या राज्यात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी विषय आहेच. तेव्हा इंग्रजी की मराठी असा वादच मुळी नाही. वाद असेल तर तो इतकाच की, इंग्रजी विषय आम्ही शिक्षकांनी आजवर नीट शिकविला की नाही. नाही शिकविला. हे आम्ही जाहीर सभेत सांगतो, कारण विद्यमान शिक्षकांपेक्षा आम्ही निवृत्तांनी सांगणे सोयीचे. कित्येक वर्षे आम्ही इंग्रजी मराठीतूनच सांगितले, पाठ करविले, आणि बोलावयास लाजलो. आईबापांनी आमच्यावर अविश्वास दाखविला तो सर्वस्वी अकारण दाखविला, असे म्हणण्यास आमची जीभ रेटत नाही.

ला साल यांच्या शाळाही सुखाने चालल्या असे समजू नये. १६८८ साली ते पॅरिसला सेंट सुल्पिसच्या धर्मग्रामात गेले. तेथे लेखनगुरूंचा पगारी संघ त्यांच्यावर उठला. या शाळेत फी नाही, आणि गरिबांबरोबर फी देण्याची ऐपत असलेल्यांची मुलेही बसतात. आमचे गिऱ्हाईक जाते, ही त्यांची तक्रार. गरिबीचा दाखला असेल त्यालाच घ्यावे, अशी त्यांची मागणी होती. ला साल दारात दाखला मागावयास तयार होईनात. १७०४ पासून खटले झाले, निकाल विरुद्ध गेले, आणि १७०६ साली ब्रदरांना तेथील वर्ग काही काळ सोडून जावे लागले. आतूनही दुःख होते. १६९१ साली निकोला वुयार आणि गाब्रिएल द्रोलँ या दोघा सोबत्यांसह ला साल यांनी नवस केला होता की, नुसत्या भाकरीवर राहावे लागले तरी हे काम सोडणार नाही. त्यांतील वुयार पुढे सोडून गेले. द्रोलँ यांस रोमला पाठविले. तेथे ते पंचवीस वर्षांहून अधिक काळ जवळजवळ एकटेच शिकवीत राहिले.

आणखी एक गोष्ट. ब्रदरांपैकी कोणी धर्मगुरू व्हावयाचे नाही, आणि ज्याला लॅटिन येत असेल त्यानेही शाळेत ते आपल्याला येत नाही असेच वागावयाचे, असा नियम ला साल यांनी घालून दिला. ब्रदर म्हणजे केवळ शिक्षक. त्याहून मोठे पद मिळविण्याची ती पायरी नव्हे. ७ एप्रिल १७१९ रोजी, शुभ शुक्रवारी, रुआँ शहराबाहेर सेंट यों येथे त्यांनी देह ठेविला. तेव्हा सुमारे शंभर ब्रदर होते. १७२५ साली परमगुरु तेरावे बेनेडिक्ट यांची मान्यता आली. फ्रान्सच्या राज्यक्रांतीत संघ मोडला. त्यांतील ब्रदर सालोमों यांस १७९२ साली पॅरिसमध्ये ठार केले, आणि २०१६ साली ते संतपदास चढले. १९०४ साली फ्रान्स सरकारने अशा संघांना शिकविण्याची बंदी केली, तेव्हा हजारो ब्रदर देश सोडून परमुलखांत शाळा काढावयास गेले. ला साल यांचे नाव १९०० सालीच संतांच्या यादीत आले होते.

सभाजनहो, त्या ग्रंथातील एका प्रकरणाने आम्हांस विशेष विचारात पाडले. मुले शाळेला का येत नाहीत, असे ते प्रकरण. कारणे मुलाची, कारणे आईबापांची. आणि कारणे मास्तरांची हेही त्यात मोकळेपणाने घातले आहे. मास्तराची वागणूक कडक, किंवा त्याला शिकविता येत नाही, म्हणून मूल येत नाही, असे लिहिले आहे. उपायही लिहिला आहे. प्रत्येक आळीसाठी विद्यार्थ्यांतूनच एकेक शहाणा मुलगा नेमावा. त्याने गैरहजर मुलाच्या घरी जावे, आजारी असेल तर विचारपूस करावी, आणि मास्तरांस येऊन कळवावे. पत्रक नव्हे, सूचनाफलक नव्हे, घरी जावे.

आम्हां जुन्या मास्तरांत आता कोणी शहाणा मुलगा उरला नाही. तेव्हा ते काम आम्हीच करावयाचे ठरविले आहे. पुढील महिन्यात धर्मग्रामाची सभा मराठी वर्गांविषयी निर्णय घेणार आहे. त्यापूर्वी आमच्यातील दोघे दोघे, सोमवारपासून रोज संध्याकाळी, देवळाच्या मागल्या आळीपासून आरंभ करून, ज्या ज्या घरात सहा वर्षांखालील मुलगा आहे त्या त्या घरी येणार आहो. तुम्हांस काय हवे ते आम्ही ऐकून घेऊ. आमचे काय चुकले तेही तोंडावर सांगावे. विद्यमान शिक्षकांपैकी दोघांनी इंग्रजीचा वर्ग सुट्टीत निराळा घेण्याचे कबूल केले आहे, त्याची वेळही आम्ही बरोबर आणू. दाराला कडी असली तर आम्ही हाक मारू. कोणी चहाची तसदी घेऊ नये. घरे पुष्कळ आहेत, आणि आमची वये आता प्रत्येक घरी चहा घेण्याजोगी राहिली नाहीत.